फेडायचा राहिलेला नवस

"हुशार आहे हो, पण करत नाही," गावडे मॅडम म्हणाल्या.

दीपक आग्रेनं हे वाक्य वर्षभरात इतक्यांदा ऐकलं होतं की मॅडमनी तोंड उघडायच्या आधीच ते त्याच्या कानात वाजलं. पहिल्या चाचणीला हेच. सहामाहीला हेच. आता जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल घ्यायला तो काजू फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, तर पुन्हा हेच. शेजारच्या बाकावर त्याचा मुलगा सर्वेश बसला होता आणि खिडकीतून मैदान बघत होता. जणू ही बाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होती.

"अठ्ठावन्न टक्के," मॅडम म्हणाल्या. "आता हे बघा." त्यांनी बीजगणिताचा पेपर पुढे सरकवला. "शेवटचा प्रश्न. वर्गात एकालाही आला नाही. यानं तीन ओळीत सोडवलाय, आणि ही रीत मी शिकवलेली नाही. आणि हे सोपे प्रश्न, पहिल्या पानावरचे, त्यांना हातच लावला नाही. विचारलं का, तर म्हणतो, ते सगळ्यांनाच येतात."

दीपकनं पोराकडे बघितलं. पोरानं खांदे उडवले.

तिथंच एक ठेवून द्यावी असं दीपकला वाटलं. पण शाळा होती, आणि दारात लवूची बायको तिच्या मुलीचा निकाल घ्यायला उभी होती. लवू म्हणजे दीपकचा चुलत भाऊ. त्याची ऋतिका याच वर्गात. तिला चौऱ्याऐंशी. दीपकनं पेपराची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी मात्र फॅक्टरीत त्यानं तोच पेपर बाहेर काढला. त्याचं काम बॉयलरवर, काजूच्या बियांना वाफ द्यायचं. जोडीला गंगाराम नावाचा म्हातारा. दीपकनं शेवटचं पान उलगडून गंगारामच्या नाकासमोर धरलं.

"हे बघ. अख्ख्या वर्गात एकट्याला आलं."

"मला काय कळतंय त्यातलं," गंगाराम बोलला.

"मला तरी कुठं कळतंय. पण बाई बोलली, ही रीत पुस्तकातली नाय."

"मग एकूण किती पडले?"

दीपकनं पान मिटलं आणि बॉयलरचा काटा बघायला गेला. तो पेपर महिनाभर त्याच्या शर्टाच्या खिशात राहिला, टरफलाच्या तेलानं काळा पडला. ज्याला त्याला तो शेवटचं पान दाखवायचा. पहिलं पान कोणाला दाखवलं नाही.

पोराचा अभिमान त्याला आधीपासूनच होता, पण तो लांबूनचा होता. सतरा वर्षं तो मुंबईत साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगला होता. शिमग्याला रजा मिळायची नाही, गणपतीला मिळायची, मे महिन्यात आठ दिवस. घर दर्शना बघायची. पोराचे गुण ती फोनवर सांगायची, प्रमाणपत्रांचे फोटो पाठवायची. आठवीच्या शिष्यवृत्तीला सर्वेश जिल्ह्यात अकरावा आला, तेव्हा दीपकनं तो फोटो खोलीतल्या नऊही जणांना दाखवला होता, दोघांना तर झोपेतून उठवून. पोरगा हुशार आणि बायको त्याला अभ्यासाला बसवते, इतकं त्याला पुरेसं होतं.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात भात कापताना दर्शनाला ताप आला. लेप्टो निघाला. दीपक चौथ्या दिवशी पोचला, सहाव्या दिवशी ती गेली. बारावं झाल्यावर त्यानं मुंबईचं काम सोडलं आणि लांज्यात फॅक्टरीत लागला. पोराजवळ घरात कोणीतरी हवं, म्हणून. तेव्हापासून ज्या पोराचे त्यानं फोटो दाखवले होते, तो पोरगा रोज त्याच्या डोळ्यांसमोर पडवीत पालथा पडलेला असे.

आणि तो अभ्यास करत नव्हता. मोबाईल काढून घेतला, तर कौलं बघत पडायचा. टीव्हीची केबल काढली, तर गुरांच्या मागे जायचा. दीपक पहाटे उठून भाकऱ्या थापायचा, त्या फाटायच्या. मग डाळ, मग डबे, मग पोराला हाक. पाचव्या हाकेला पोरगा उठायचा. तोवर दीपकचं डोकं फिरलेलं असायचं.

"काय करायचंय तुला पुढं?" एका सकाळी त्यानं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे काय? माझ्यासारखा बॉयलरवर उभा राहणार हायस?"

"पास होईन ना मी. मग झालं तर."

"पास तर लवूच्या गोठ्यातली म्हैस पण होईल. तुझी आई तुला अभ्यासाला बसवायची, तेव्हा कसा व्हायचा अभ्यास? ती गेली आणि तुला मोकळं रान मिळालं."

सर्वेश भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबला. त्याच्या तोंडावर एक विचित्र हसू आलं.

"आई मला बसवायची?" तो बोलला.

"मग कोण बसवायचं?"

पोरानं डबा उचलला आणि निघाला. ते हसू दीपकला दिवसभर डाचत राहिलं. आईचं नाव काढल्यावर हसतो, त्याला वाटलं. इतका कोडगा झाला.

फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा सुरू झाली. मराठी झाली, इंग्रजी झाली. पेपर कसा गेला, तर "गेला". मधेच शिमगा आला. चाकरमानी गाड्या करून उतरले, लवूही ठाण्याहून आला. नवलाई देवीची पालखी होळीवरून निघाली आणि घरोघर फिरू लागली. वाडीत ती बुधवारी यायची होती. शुक्रवारी बीजगणिताचा पेपर.

लवू मंगळवारी संध्याकाळी अंगणात येऊन बसला. चहा पिता पिता बोलला, "काय रे दीपक, नव्वद की पंच्याण्णव? तुझा तर शास्त्रज्ञ ना."

"नव्वदच्या खाली येणार नाय," दीपक बोलला. तो हे का बोलला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"ऋतिका सांगत होती, पूर्वपरीक्षेला अठ्ठावन्न."

"शाळेतले पेपर मुद्दाम अवघड काढतात."

"आमच्या पोरीला सोपे काढले वाटतं," लवू बोलला आणि कप ठेवून उठला. जाताना पडवीत पडलेल्या सर्वेशकडे बघून हसला. "झोपू दे, झोपू दे. उद्याचा कलेक्टर."

सर्वेश जागाच होता. त्यानं कूसही बदलली नाही. दीपकला लवूचा राग आला, त्याहून पोराचा. असा कोणी आपल्याला बोलून जातो आणि हा लाकडासारखा पडून राहतो. त्याच वेळी त्यानं ठरवलं की उद्या पालखीसमोर बोलायचं. चारचौघांत, गुरवाच्या तोंडून, पोराचं नाव घेऊन. सर्वेश दीपक आग्रे याला दहावीत नव्वद टक्के पडू देत, पडले की पुढच्या शिमग्याला हाच पोरगा पालखी खांद्यावर घेईल आणि घर एकवीस नारळांचं तोरण बांधील. एकदा देवीसमोर बोललं की ते बोललेलंच. मग बघू कसा पालथा पडतो. आईला फसवशील, बापाला फसवशील, देवीसमोर सगळ्या वाडीनं ऐकलेलं कसं बुडवशील?

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास ढोलांचा आवाज खालच्या पायवाटेवर आला. दीपकनं अंगण सारवून घेतलं होतं. सारवण वाईट झालं होतं, मधेमधे खपल्या धरल्या होत्या. गेल्या वर्षी घराला वर्षाचं सुतक होतं म्हणून पालखी दारावरून पुढे गेली होती. त्या दिवशी बापलेक घरात दार ओढून बसले होते. आज पालखी आत येणार होती, पण ओटी भरायला घरात बाई नव्हती. शेजारची मथुरा काकी तिचं ताट घेऊन आली.

"मी भरते रे," ती बोलली. "तू नुसता उभा राहा. आणि तोंड सरळ कर, देवी आली घरात."

पालखी अंगणात आली. माणसं नाचवून घामाघूम झालेली, खांदे बदलत उभी राहिली. काकीनं ओटी भरली. वाडीतली पन्नासेक माणसं कुंपणाच्या आतबाहेर दाटली. लवू होता, त्याची ऋतिका होती. सर्वेश खांबाला टेकून उभा होता. दीपकनं त्याला दंडाला धरून पुढे ओढलं.

रघू गुरव पुढे आला. सत्तरीचा माणूस, बारीक, आवाज मात्र खणखणीत. वाडीतल्या प्रत्येक घराचे नवस त्याच्या तोंडपाठ. कागद नाही, वही नाही. कोणी काय बोललं आणि कोणी काय फेडलं, सगळं डोक्यात. दीपकनं त्याच्या कानाशी जाऊन आपलं सांगितलं. रघूनं मान हलवली आणि विचारलं, "घरावर जुनं काय बाकी?"

"काय नाय," दीपक बोलला.

"नीट आठव."

"नाय हो. मी कधी काय बोललोच नाय."

"तू नाय बोललास," रघू बोलला. "तू होतास कुठं? घर बोललंय." आणि त्यानं आवाज चढवला, कारण देवीसमोरची गोष्ट कानात सांगायची नसते. "जुना नवस बाकी असताना नवा घेता येत नाय. ह्या घरावर नवस हाय. दोन वर्सांमागं, ह्याच अंगणात, दर्शना दीपक आग्रे बोलली होती. माझा सर्वेश दहावीला बसंल, त्याच्या जोडीनं मी पण बसणार हाय. मला त्याच्या संगती पास कर, माते, मी एकवीस नारळांचं तोरण बांधीन."

कोणीतरी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं.

दीपकला आधी वाटलं, म्हातारा दुसऱ्याच कोणा घराचा नवस सांगतोय. पण म्हाताऱ्यानं नाव घेतलं होतं. त्यानं मथुरा काकीकडे बघितलं. काकी खाली बघत होती. कुंपणापाशी दोन बायका होत्या, त्याही खाली बघत होत्या. म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्या दिवशी ह्या अंगणात होत्याच ना सगळ्या. वाडीतल्या बायकांना माहीत, गुरवाला माहीत, देवीला माहीत. नवऱ्याला नाही.

"मला कोणी सांगितलं नाय," तो बोलला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला.

"नवस सांगत फिरत नाय कोण," रघू बोलला. "आता ऐक. माणूस गेला, तर त्याचा नवस माफ करून घेता येतो. एक नारळ ठेव, मी माफी मागतो. मग तुझा नवा बोलतो. नव्वदचा."

"घ्या माफी," दीपक बोलला आणि ताटातल्या नारळाला हात घातला.

"नको," सर्वेश बोलला.

"तू गप."

"माफी नको बोललो ना."

"सर्वेश, माणसं उभी हायत."

"असू देत," सर्वेश बोलला. त्याचा चेहरा लाल झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा तो कशाला तरी नको म्हणत होता. एरवी तो कशालाच नको म्हणायचा नाही आणि कशालाच हो म्हणायचा नाही. "तिनं काय चूक केली म्हणून माफी मागायची? आणि माझ्या नावानं नव्वद बोलायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

लवू हसला. हळू हसला, पण दीपकला ऐकू गेलं.

"मग फेडणार कोण?" रघूनं विचारलं. तो चिडला नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. "पालखी अशी घरावर ताटकळत ठेवता येत नाय, बाबांनो. पुढं अकरा घरं हायत. माफी घेताय की ठेवताय?"

खांदेकऱ्यांनी पुन्हा खांदा बदलला. दीपकच्या हातात नारळ होता. पोरगा समोर, पोराच्या मागे घर, आणि घराच्या भिंतीवर हार घातलेला फोटो, जो दारातून दिसत होता.

"ऱ्हाऊ दे तसाच," तो बोलला. "जावा तुम्ही."

रघूनं पालखीकडे तोंड करून हात जोडले आणि साधं गाऱ्हाणं घातलं, घराला सुखी ठेव, लेकरांना सांभाळ, एवढंच. या वेळी सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. ढोल वाजले, पालखी वर गेली.

अंगण मोकळं झाल्यावर दीपकनं नारळ पायरीवर आपटला. तो नीट फुटलाही नाही, नुसती चीर गेली आणि पाणी सारवणावर सांडलं.

"तुला माहीत होतं," तो बोलला.

"हो."

"मला का नाय सांगितलंस?"

"आईनं सांगितलं होतं तुम्हाला," सर्वेश बोलला. "फोनवर. मी शेजारी बसलो होतो. स्पीकर होता. ती बोलली, मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू का. तुम्ही हसलात. बोललात, आता शिकून काय तलाठी होणार हायस? मागून खोलीतले पण हसले."

दीपकनं तो फोन आठवून बघितला. त्याला आठवत नव्हतं. मग आठवलं. रविवार होता, पत्ते चालले होते, हातात पानं चांगली होती. आणखी काय बोललो होतो? काहीच नाही. ती "बरं" बोलली होती आणि मग वीजबिलाचं सांगितलं होतं.

"थट्टेत बोललो असेन," तो बोलला.

"तिनं परत विचारलं नाय. मग देवीला विचारलं."

"आणि तुझ्या अभ्यासाचा काय संबंध ह्याच्याशी? मेलेल्या आईचं नाव पुढं करून तू..."

"मी कुठं पुढं करतोय? तुम्हीच करता रोज. आई बसवायची, आई बसवायची. आई नव्हती बसवत मला. मी तिला बसवायचो." पोराचा आवाज फाटला आणि तो आणखी चिडला. "नववी फेल होती ती. तिला काय येत नव्हतं. रोज संध्याकाळी मी तिला शिकवायचो. मला एकदा वाचलं की येतं, मग कंटाळा येतो. पण तिला समजवायचं तर चारदा वाचायला लागायचं. ती प्रश्न पण असे विचारायची की गावडे मॅडमला पण येणार नायत. आता कोणाला समजवू? भिंतीला?"

तो आत गेला. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोनशे पानी वही होती. त्यानं ती बापाच्या पायाशी टाकली, नारळाच्या पाण्यात, आणि मग स्वतःच पटकन उचलून पुसली आणि पायरीच्या कोरड्या बाजूला ठेवली.

"वाचा," तो बोलला आणि गुरं आणायला गेला.

दीपकनं त्या दिवशी वहीला हात लावला नाही. तो इतका चिडला होता की त्याला भाकऱ्या थापवेनात. पोरावर चिडला होता, कारण पोरानं चारचौघांत तोंड वर केलं. मथुरा काकीवर, कारण रोज ताकाचा तांब्या देताना तिनं दीड वर्षात अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांत जास्त दर्शनावर. एकदा हसलो, म्हणून काय झालं? भांडली असतीस. फोनवर शिव्या घातल्या असत्यास. पत्ते टाकून उठलो असतो मी. तू नुसतं "बरं" बोललीस आणि वीजबिल सांगितलंस. फोटोतली दर्शना शाळेच्या हळदीकुंकवाला नेसलेल्या साडीत समोर बघत होती. तिच्याशी भांडण करता येत नव्हतं, आणि त्याचाच राग सगळ्यांत मोठा होता.

शुक्रवारी त्यानं पोराला मोटरसायकलवर बसवून लांज्याला परीक्षेच्या केंद्रावर नेलं. फाटकाशी सर्वेश उतरला, पॅड घेतलं, दोन पेनं तपासली. दीपकला सांगायचं होतं, सोपे प्रश्न आधी सोडव. तो बोलला, "पाणी घेतलंस?" पोरानं बाटली दाखवली आणि आत गेला.

फॅक्टरीत जायला वेळ होता. समोर चिंचेखाली इतर आईबाप उभे होते. दीपकनं डिकी उघडली. वही त्यानं सकाळी पोराच्या नकळत आत टाकली होती.

दर्शनाचं अक्षर मोठं, गोल, ओळ सोडून चाललेलं. किराणाच्या यादीत असायचं तसंच. आणि त्यावर जागोजागी लाल शाईत पोराचं बारीक अक्षर. "आई, चिन्ह बदल." "हे बरोबर, पण पाठ केलंयस, कळलेलं नाही." "परत कर." "परत कर." एके ठिकाणी, "आज दहापैकी सात. दोन मार्क भाजी जळली म्हणून कापले." त्याखाली दर्शनानं लिहिलं होतं, "मास्तर, जेवायला या."

दीपकनं वही मिटली. आजूबाजूला बघितलं. कोणी बघत नव्हतं. पुन्हा उघडली.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक गणित अर्धं होतं. तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर सोळा. एक्स वजा वाय बरोबर दोन. पुढे तिनं दुसऱ्या ओळीला दोननं गुणलं होतं आणि तिथं थांबली होती. वर तारीख होती. ताप आला त्याच्या आदल्या दिवसाची. भात कापून आल्यावर बसली असणार.

त्यानं खिशातलं फॅक्टरीचं पेन काढलं. तोही नववीतून सुटलेला, पण वजाबाकी तर येते. मोटरसायकलच्या सीटवर वही ठेवून त्यानं वरच्या ओळीतून खालची वजा केली. दोन वाय गेले. एक्स आला बारा. मग वाय दहा. त्याला बरं वाटलं. ताळा बघायला पहिल्या ओळीत घातले, तर छप्पन्न आले. सोळा यायला हवे होते. त्यानं खोडलं, परत केलं, परत छप्पन्न. तिसऱ्यांदा केलं, कागद फाटायला आला. तो पेनाला शिवी देणार तोच आतली घंटा झाली. दोन तास कुठं गेले, त्याला कळलंच नाही. फॅक्टरीची वेळही टळून गेली होती.

पोरं बाहेर आली. ऋतिका लवूच्या बाजूला जाऊन उत्तरं सांगू लागली. लवू तिथूनच ओरडला, "काय दीपक, किती पडतील म्हणतोय शास्त्रज्ञ?"

"विचारलं नाय अजून," दीपक बोलला.

सर्वेश आला. त्याच्या बोटांना शाई होती. बापाच्या हातातली वही बघून तो थबकला.

"ती कशाला आणलीत?"

"हे इथं काय चुकतंय?" दीपकनं पान त्याच्यासमोर धरलं. आवाजात राग होता, तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. "तीनदा केलं. तीनदा छप्पन्न."

"तुम्हाला काय करायचंय?"

"गुरवाला काय सांगितलं मी? ऱ्हाऊ दे तसाच. राहिला तो नवस. आता दहावीला बसून तो फेडणार कोण? तुझा लवूकाका?"

"नवस आईचा होता. माझ्या जोडीनं होता. माझी दहावी तर संपत आली."

"ते मी आणि रघू गुरव बघून घेऊ. तू हे सांग."

सर्वेशनं वही घेतली. फाटायला आलेला कागद बघितला, खाडाखोड बघितली. लवूची गाडी निघून गेली.

"वजा करायचं नाय इथं," तो शेवटी बोलला. "खाली वजा दोन वाय हाय. वजाचं वजा केलं की वाढतं, जात नाय. बेरीज करायची. आई पण इथंच चुकायची."

"मग नीट शिकवलं नसशील."

"दहादा शिकवलं. ती ऐकायची नाय. तिला वाटायचं, वजा म्हणजे गेलं."

त्यानं दप्तरातून लाल पेन काढलं. बोर्डाच्या पेपराला लाल पेन चालत नाही, तरी ते दप्तरात होतंच. दीपकच्या सगळ्या आकडेमोडीवर त्यानं एक सरळ आडवी रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले. वही परत दिली.

दीपकनं वाचलं. "परत करा."

त्याच्या डोक्यात सणक गेली. भर रस्त्यात, सोळा वर्षांचं पोर, बापाच्या कामावर रेघ मारतंय. भूमितीचा पेपर सोमवारी होता आणि हा त्याला हात लावणार की नाही, ते देवीला ठाऊक. त्यानं वही सीटवर आपटली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि सर्वेशला बोलला, "जा, समोरून दोन वडापाव घेऊन ये. तोवर करतो."